बंदुकीवरचा प्रत्येक डाग घासून काढायचा नसतो

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

नवरात्र तोंडावर आले आहे. खंडेनवमीला घरोघरी, पोलीस मुख्यालयांत आणि नेमबाजीच्या क्लबांत शस्त्रे पूजेला मांडली जातील आणि त्यांची छायाचित्रे आपण नेहमीप्रमाणे दसऱ्याच्या सुमारास छापाल. त्या पूजेच्या आधीच्या चार-आठ दिवसांत जी साफसफाई होते, तिच्याविषयी हे पत्र आहे. मी सैन्याच्या ईएमई दलात, म्हणजे यंत्रे आणि शस्त्रे दुरुस्त करणाऱ्या दलात, चोवीस वर्षे आर्मरर, म्हणजे शस्त्रांची देखभाल-दुरुस्ती करणारा कारागीर, होतो. त्या नोकरीत आणि निवृत्तीनंतर ओळखीपाळखीच्या लोकांच्या बंदुका पाहताना माझे असे मत झाले आहे की, गोळ्या झाडून जितक्या नळ्या वाया जातात, त्याहून अधिक डाग काढण्याच्या हट्टापायी जातात.

गेल्या वर्षी एका शिक्षणसंस्थेने मला तेथील .22 रायफली पाहायला बोलावले होते. तपासणी जवळ आली होती आणि मुलांना कोणीतरी बजावले होते की, एकही काळा डाग दिसता कामा नये. मुले गुणी आणि कष्टाळू होती. त्यांनी दोन दिवस बसून पॉलिश पेपरने दोन रायफलींच्या नळ्या अशा घासल्या होत्या की, त्या स्टीलच्या तांब्यासारख्या चमकत होत्या. मूळचा डाग बहुधा पावसाळ्यात पडलेल्या गंजाचा, नखाएवढा, नेम धरायच्या मागच्या साइटजवळ असावा, कारण त्या जागी बोट फिरवले की अजूनही बारीक खरखर लागत होती. त्या नखाएवढ्या डागासाठी संपूर्ण नळीवरचे ब्लूइंग, म्हणजे कारखान्यात चढवलेला निळसर काळा थर, गेले होते. मुलांनी मोठ्या आशेने विचारले, “सर, कशी झाली?” मला त्यांना काय सांगावे ते सुचेना. यंदा ऑगस्टमध्ये त्या नळ्या पुन्हा पाहिल्या, तेव्हा त्या टोकापासून चेंबरपर्यंत, म्हणजे काडतूस बसते त्या जागेपर्यंत, तांबूस झाल्या होत्या.

नळीवरचा निळसर काळा रंग हा मळ नाही आणि वरून फासलेला रंगही नाही, ही गोष्ट फार थोड्या लोकांना ठाऊक असते. तो लोखंडाचाच ऑक्साइड आहे. लाल गंजही लोखंडाचा ऑक्साइडच. पण लाल गंज भुसभुशीत असतो, पाणी धरून ठेवतो आणि खाली खाली पोखरत जातो, तर काळा ऑक्साइड, म्हणजे मॅग्नेटाइट, पृष्ठभागाला घट्ट धरून बसतो आणि त्यावर लावलेले तेल टिकवतो. म्हणून ब्लूइंग केलेली नळी तेलाचा पातळ हात मिळाला तर पावसाळा काढते आणि उघडी पडलेली नळी आठवडाभरही तग धरत नाही. या दोन ऑक्साइडांचे नाते इतके जवळचे आहे की, कोवळा लाल गंज धरलेला सुटा भाग तेलाचा अंशही न ठेवता स्वच्छ करून पंधरा-वीस मिनिटे खळखळ उकळत्या पाण्यात ठेवला, तर तो लाल गंज डोळ्यांदेखत काळा होतो. मग मऊ कापडाने किंवा अगदी बारीक स्टील वूलने वरची भुकटी पुसली की खाली घट्ट काळा थर राहतो. जुन्या काळी बंदुकींना रंग चढवायची एक पद्धत हीच होती: मुद्दाम गंज चढवायचा, उकळायचा, पुसायचा आणि रंग गडद होईपर्यंत हे पुन्हा पुन्हा करायचे. गंज धरलेला स्क्रू माझ्या उस्तादांनी मेसच्या चहाच्या किटलीत उकळून काळा करून दाखवला, तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो आणि तोपर्यंत मीही प्रत्येक डागावर एमरी पेपरच शोधत असे.

गंजाच्या डागाला घरी करण्यासारखा उपाय साधा आहे. डागावर पातळ तेल सोडायचे आणि रात्रभर तसेच ठेवायचे. सकाळी तेल लावूनच तांब्याच्या किंवा काशाच्या तुकड्याने अलगद खरवडायचे. या धातू पोलादापेक्षा मऊ असतात, त्यामुळे गंज निघतो आणि खालच्या पोलादावर ओरखडा उठत नाही. मी आजही त्यासाठी 1943 ते 1947 या काळातला भोकाचा पैसा वापरतो. तो काशाचा आहे, बोटात नीट धरता येतो आणि त्याची कड आता गुळगुळीत झाली आहे. कड नव्हे, पैशाची सपाट बाजू थोडी तिरपी धरून, एकाच दिशेने, दाब न देता फिरवायची. तेल तांबडे होते, ते पुसायचे, नवे तेल सोडायचे. तळहाताएवढ्या डागाला कधी कधी तीन संध्याकाळी लागतात. एवढे करूनही काळपट ठिपके उरले, तर ते गंजाने पाडलेले खड्डे आहेत असे समजावे. खड्डा घासून निघत नाही. तो काढायचा तर भोवतालचे सगळे पोलाद त्याच्या तळाइतके खाली आणावे लागेल. त्याला तेल द्यावे आणि तो तसाच असू द्यावा.

आपल्याकडे एक खास घरगुती धोका आहे आणि तो मी कोकणात माझ्या सासुरवाडीच्या नात्यातल्या एका घरी पाहिला आहे. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली बारा बोअरची दुनळी बंदूक होती. वानर आणि रानडुकरे यांच्यासाठी ती वर्षातून चार-सहा वेळा बाहेर निघे. नवमीच्या आदल्या दिवशी देवाची तांब्या-पितळेची उपकरणी चिंचेने घासायला काढली होती. तीच चिंच बंदुकीच्या नळ्यांवरच्या तपकिरी डागांना लावली गेली. भांड्याला जे लागू पडते ते बंदुकीला का पडू नये, असा सरळ विचार त्यामागे होता. पण चिंच, कोकम, लिंबू, ताक या सगळ्यांत आम्ल असते, आणि आम्लाला लाल गंज आणि काळे ब्लूइंग यांत फरक करता येत नाही. दोन्ही ऑक्साइडच, दोन्ही विरघळतात. दहा मिनिटांत नळ्यांवर राखाडी पांढरे पट्टे उमटले. घरातल्या वडीलधाऱ्यांनी ती बंदूक चाळीस वर्षे जपली होती. त्यांचा चेहरा पाहवत नव्हता. त्या दिवशी माझ्या हाती एवढेच होते की, सोड्याच्या पाण्याने आम्ल मारून, भरपूर पाण्याने धुऊन, उन्हात कडक वाळवून तेल चढवले. पुन्हा ब्लूइंग करणे हे परवानाधारक कारागिराचे काम आहे, आणि दुनळी बंदुकीचे तर फारच जोखमीचे, कारण दोन नळ्यांमधली पट्टी डाखाने जोडलेली असते आणि ब्लूइंगच्या हल्लीच्या गरम कॉस्टिकच्या द्रावणात तो डाख निकामी होतो.

आता नळीच्या आतल्या डागांकडे वळतो. स्वप्निल कुसाळे यांनी 2024 मध्ये पॅरिसला 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवल्यापासून कोल्हापूर, सातारा, सांगली भागातली कितीतरी मुले रायफलीकडे वळली आहेत. त्याआधी तेजस्विनी सावंत 2010 मध्ये 50 मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथे पडून केलेल्या नेमबाजीत, विश्वविजेत्या झाल्या, तेव्हाही असेच वारे होते. ही मुले आणि त्यांचे पालक मला सर्वांत जास्त वेळा हाच प्रश्न विचारतात की, कितीही चिंद्या फिरवल्या तरी नळी आतून काळी किंवा पट्ट्यापट्ट्यांची का दिसते. उत्तर गोळी कशाची आहे यावर अवलंबून असते. त्यांच्या .22 रायफलीची गोळी मेण किंवा वंगण लावलेल्या शिशाची असते; तिचा वेग कमी असतो, म्हणून नळीत वितळल्यासारखे शिसे फारसे बसत नाही. तिथे त्रास होतो तो चेंबर संपून आटे, म्हणजे नळीच्या आतल्या पिळाच्या खाचा, सुरू होतात त्या जागी, जिथे जळालेली दारू, मेण आणि शिसे यांचे कडक कडे धरते. ते कडे कोरड्या ब्रशने तुटत नाही. सॉल्व्हंटने, म्हणजे मळ विरघळवणाऱ्या द्रवाने, भिजवलेली चिंदी तिथे नेऊन पंधरा मिनिटे थांबायचे आणि मग काशाचा ब्रश फक्त तेवढ्याच जागी फिरवायचा. बाकीच्या नळीला दोन-तीन चिंद्या पुरतात. त्या मापाच्या काडतुसांच्या बुडाच्या काठातला ठिणगी पाडणारा मसाला क्षार मागे ठेवणारा नाही, त्यामुळे प्रत्येक सरावानंतर नळी आरशासारखी करण्याची मुळीच गरज नसते. चिंदी फिरवायचा गज चेंबरच्या बाजूने, सरळ, अखंड एका तुकड्याचा घालावा. जोडाचा गज वाकतो, त्याचे सांधे आट्यांना घासतात, आणि मझलच्या, म्हणजे नळीच्या पुढच्या तोंडाच्या, बाजूने घातला तर ज्या कडेवरून गोळी शेवटचा निरोप घेते तीच कड झिजते. ती कड झिजली की नेम बिघडतो आणि मुलाला वाटते आपलेच काहीतरी चुकते आहे.

हवेच्या दाबावर चालणाऱ्या 10 मीटरच्या रायफलीत तर दारूच नसते. तिच्या नळीत सॉल्व्हंट किंवा जास्त तेल घालू नये; आतले सील बिघडतात.

मोठ्या रायफलींची गोष्ट वेगळी. 7.62 किंवा 5.56 मिलिमीटरच्या गोळीला तांबे आणि जस्त यांच्या मिश्रधातूचे कवच असते, आणि प्रत्येक गोळी जाताना त्या तांब्याचा अगदी पातळ लेप आट्यांवर ठेवून जाते. त्यावर जळालेल्या दारूची काजळी, त्यावर पुन्हा तांबे, असे थर बसतात. म्हणून पहिल्या चिंद्या काळ्या, मग करड्या आणि मग जवळजवळ पांढऱ्या येतात, आणि आपण काम संपले असे म्हणून गज ठेवून देतो. सौम्य सॉल्व्हंटचा ओला हात देऊन नळी तशीच रात्रभर ठेवा आणि सकाळी चिंदी फिरवा; ती निळसर हिरवी बाहेर येते. तो रंग तांब्याचा. खास तांबे काढणाऱ्या द्रवात बहुधा अमोनिया असतो आणि अमोनियात विरघळलेले तांबे निळे दिसते. असा अमोनियाचा द्रव मात्र रात्रभर नळीत ठेवायचा नाही. बाटलीवर लिहिलेली मिनिटे पाळायची, खिडक्या उघड्या ठेवायच्या, जवळ ब्लीच येऊ द्यायचे नाही, आणि शेवटी नळी कोरडी करून तेल द्यायचे.

येथे एक फसगत होते आणि तिच्यामुळे कितीतरी नळ्या विनाकारण घासल्या जातात. चिंदी धरणारे गजाचे टोक पितळेचे असते आणि ब्रश काशाचा. दोहोंतही तांबे आहे. अमोनियाचा द्रव त्यांनाही विरघळवतो, त्यामुळे नळी पूर्ण स्वच्छ झाल्यावरही चिंदी निळी येतच राहते. एका होतकरू नेमबाजाने तीन दिवस, रोज साठ-सत्तर चिंद्या फिरवून, रडकुंडीला येऊन मला फोन केला होता. मी त्याला गजाचे टोक प्लॅस्टिकचे लावायला आणि तांबे काढताना नायलॉनचा ब्रश वापरायला सांगितले. पुढची चिंदी पांढरी आली. त्याच संभाषणात त्याने विचारले की, कल्हईवाले वापरतात तो नवसागर लावला तर तांबे लवकर निघेल का, कारण नवसागरातही अमोनिया असतो असे त्याने वाचले होते. मी त्याला कळकळीने नको म्हटले आणि येथेही सर्वांना तेच सांगतो. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. त्यातला क्लोराइड पोलादाला मिठासारखाच खातो.

मिठाचा विषय निघालाच आहे, तर जुन्या .303 लष्करी रायफलीविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. आमच्या आधीच्या पिढीने बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी कारखान्यातल्या त्या रायफलींवर हात बसवला. त्या काळच्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे, आणि ते जळून मागे पोटॅशियम क्लोराइड राही. तो क्षार आहे. तेलात तो विरघळत नाही, रॉकेलमध्येही नाही. वरून तेलाचा कितीही जाड थर दिला तरी खाली तो हवेतली ओल ओढून नळी खातच राहतो. म्हणून त्या वेळी फायरिंगनंतर नरसाळे लावून चेंबरमधून उकळते पाणी ओतायची रीत होती. पाणी क्षार धुऊन नेई आणि तापलेली नळी आपोआप कोरडी होई. मग पुलथ्रूला, म्हणजे नळीतून ओढायच्या वजनदार टोकाच्या दोरीला, चिंदी लावून तेल. त्या पुलथ्रूबरोबर तारेची जाळीही मिळे आणि ती तेल लावल्याशिवाय आणि विचारल्याशिवाय वापरायची नाही, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवले गेले होते. पुलथ्रूची दोरीसुद्धा तिरपी ओढली तर वर्षानुवर्षांनी मझलला खाच पाडते, मग तारेची गोष्टच सोडा. कोतमधल्या, म्हणजे पलटणीच्या शस्त्रागारातल्या, अनेक जुन्या .303 च्या नळ्या आतून कायमच्या काळवंडलेल्या होत्या. तरीही शंभर यार्डांवर त्या नेमक्या लागत, आणि आमचे उस्ताद त्या काळेपणाला हात लावू देत नसत.

कोकणातल्या ठासणीच्या बंदुकींना हेच पाणी हवे असते. काळ्या दारूचा निम्म्याहून अधिक भाग जळल्यावरही घन अवस्थेत मागे राहतो, आणि तो बहुतांशी पाण्यात विरघळणारा व ओल धरणारा क्षार असतो. बार झाल्याच्याच दिवशी गरम पाणी आणि थोडा साबण, नंतर खडखडीत कोरडे करणे, नंतर तेल, एवढे केले तर त्या नळीत हट्टी डाग पडतच नाहीत. “उद्या बघू” म्हणून खुंटीला टांगली की समुद्रावरची हवा रात्रीत आपले काम करते. बाहेरून खोबरेल लावण्याची पद्धतही मी पाहिली आहे. ते थंडीत थिजते आणि खवट झाले की त्यातच आम्ल तयार होते. शिवणयंत्राचे साधे खनिज तेलसुद्धा त्याहून बरे. रॉकेलने मळ उत्तम सुटतो, पण ते उडून जाते आणि मागे संरक्षण ठेवत नाही.

आता लाकूड. अक्रोडाच्या बटवर, म्हणजे बंदुकीच्या लाकडी दस्त्यावर, जिथे लोखंडी पट्टी किंवा स्क्रू बसतो तिथे, शाई सांडल्यासारखे निळे-काळे डाग दिसतात आणि लोक ते काचकागदाने घासतात. ती खरोखर शाईच आहे. आपल्या सह्याद्रीतला हिरडा आणि हिराकस एकत्र करून पूर्वी काळी शाई बनवत असत. हिरड्यातले टॅनिन आणि हिराकशीतले लोह यांचा तो काळा रंग. अक्रोडाच्या लाकडातही टॅनिन असते, आणि स्क्रूच्या कडेने पाणी झिरपले की तीच शाई लाकडाच्या आत तयार होते. ती वरून घासून निघत नाही. हे डाग म्हणजे त्या ठिकाणी ओल जाते आहे अशी वर्दी असते. तेव्हा बट सुटा करून लोखंडाच्या आतल्या बाजूचा गंज पाहावा, तो बहुतेक वेळा असतोच.

शेवटी पूजेविषयी. मी स्वतः दर नवमीला शस्त्रपूजन करतो आणि ते करू नये असे माझे मुळीच म्हणणे नाही. परंतु ओल्या बोटाने नळीवर लावलेले हळदीकुंकू, गंधाचे ठिपके, नारळ फोडताना उडालेले पाणी आणि दिवसभर नळीवर ठेवलेला ओला झेंडू, यांच्या खाली दुसऱ्या दिवशी नेमके त्याच आकाराचे गंजाचे डाग सापडतात. गेल्या वर्षी एका रायफलीच्या बोल्टवर, म्हणजे चेंबर बंद करणाऱ्या दांड्यावर, मला झेंडूच्या पाकळीचा ठसा स्पष्ट दिसला होता. हळदीकुंकू बटला लावावे किंवा बंदुकीखालच्या वस्त्राला लावावे, फुले वस्त्रावर ठेवावीत आणि नारळ बाजूला फोडावा. बटवर हळदीचा पिवळा डाग राहिला तर तो घासू नये. हळदीचा रंग उन्हात उडतो, चार दिवस उन्हाच्या तिरिपीत ठेवले की पुष्कळ फिकट होतो.

आपल्यामार्फत एक विनंती ज्यांच्याकडे शस्त्रांची तपासणी करण्याचे अधिकार आहेत त्यांना करायची आहे. त्यांनी चकाकी पाहू नये. कोरडी पांढरी चिंदी नळीतून ओढावी, ती तांबडी आली तर जाब विचारावा. पण ब्लूइंगचा काळेपणा, जुन्या नळीचा काळवंडलेपणा आणि गोळीच्या वायूने ढकलल्या जाणाऱ्या पिस्टनच्या तोंडाशी असलेली उष्णतेची झाक यांबद्दल मुलांना आणि जवानांना बोलू नये. तपासणाऱ्याच्या एका नापसंतीच्या शब्दाने दुसऱ्या दिवशी पॉलिश पेपर आणला जातो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

ज्यांच्या घरी बंदूक आहे त्यांनी साफसफाईला बसण्यापूर्वी ती रिकामी आहे याची खात्री करावी. चेंबर डोळ्यांनी पाहावे आणि बोट घालून चाचपावे, आणि काडतुसे त्या खोलीतही ठेवू नयेत. पूजा झाल्यावर त्याच संध्याकाळी कोरड्या कापडाने सगळे पुसून, तेलाचा पातळ हात देऊन मगच बंदूक ठेवावी, आणि कातडी म्यानात तर मुळीच ठेवू नये, कारण कातडे ओल धरते. ठेवताना शेवटचा स्पर्श उघड्या बोटांचा नसावा. घामातल्या मिठाने उमटलेला बोटाचा ठसा दिवाळीपर्यंत नळीवर तांबडा होऊन दिसतो.

आपला विश्वासू,
एक निवृत्त आर्मरर, जि. सातारा